निम्म्यांचं कोडं

तर ऐका पोरांनो. गोष्ट सुरू होते १९४० च्या सप्टेंबरात. जर्मन विमानं लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकत होती. घरं बसत होती आणि उजाडलं की ढिगारे उपसायचं काम सुरू व्हायचं. कितीतरी तास विटांखाली, तुळयांखाली पाय दबलेला माणूस जिवंत बाहेर निघाला की सगळ्यांना हायसं वाटायचं. तो शुद्धीवर असायचा, बोलायचा. हाड मोडलेलं नसलं तर डॉक्टरही निर्धास्त व्हायचे. काही तासांनी मात्र पाय टम्म सुजायचा, रक्तदाब घसरायचा. त्यातूनही तो सावरला, तर पुढच्या दिवसांत लघवी कमी कमी होत जायची आणि जी व्हायची ती गडद तपकिरी. आठवड्याभरात माणूस दगावायचा. बॉम्बमधून वाचलेला, ढिगाऱ्यातून वाचलेला माणूस, हॉस्पिटलातल्या स्वच्छ खाटेवर.

हॅमरस्मिथ हॉस्पिटलातल्या एरिक बायवॉटर्स या तरुण डॉक्टरनं डेस्मंड बील यांच्या जोडीनं अशा चौघांची हकिकत लिहिली आणि १९४१ च्या मार्चमध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. शवविच्छेदनात दिसलं ते असं: मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या तपकिरी गठ्ठ्यांनी तुंबलेल्या आणि नळ्यांच्या भिंतीतल्या पेशी मरून सुटलेल्या. चिरडलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन नावाचं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन घात करतं, हे पुढे दोन-तीन वर्षांत स्पष्ट झालं.

“पण आबा,” मुक्ता म्हणते, “दबला होता पाय. मूत्रपिंडाला तर कुणी हातही लावला नव्हता.”

अगदी बरोबर. हाच प्रश्न मनात धरून ठेव, कारण थोड्या वेळानं तो उलटा करून विचारायचा आहे. इजा झाली मूत्रपिंडाला. मग फुप्फुसाला, मेंदूला, आतड्याला कुणी हात लावला?

आधी हे मूत्रपिंड काय चीज आहे ते बघू. एकेकाचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याएवढीही भरत नाहीत. पण हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, या दोघांकडे जातो. एवढं रक्त कशाला? तर यांची सफाईची रीतच तशी आहे. दिवाळीआधी आपली आजी माळा काढते ना, तशी. ती वर बसून एकेक नको असलेली वस्तू शोधत नाही. सगळंच्या सगळं अंगणात काढते आणि हवं तेवढं मोजून परत वर चढवते. मूत्रपिंडही दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून बाहेर काढतं, त्याबरोबर मीठ, साखर, पोटॅशियम, युरिया सगळं, आणि मग त्यातलं हवं ते परत आत घेतं. शेवटी लघवी म्हणून उरतं दीड लिटर. या रीतीचा फायदा असा की शरीरानं पूर्वी कधी न पाहिलेला पदार्थ रक्तात आला, तरी त्याला ओळखायची गरज पडत नाही. परत घ्यायच्या यादीत नाही ना, मग तो गेला.

ही परत घेण्याची मेहनत नळ्यांच्या पेशी करतात आणि तिला प्राणवायू फार लागतो. यातल्या बऱ्याच नळ्या मूत्रपिंडाच्या आतल्या भागात जातात, आणि नेमकी तिथंच प्राणवायूची कायमची चणचण. रक्तदाब थोडा वेळ फार उतरला, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, रक्तात जंतू पसरले, विषारी औषध पोटात गेलं, की पहिला फटका या पेशींना बसतो. काही तासांत किंवा दिवसांत काम मंदावतं, कधी पार थांबतं. डॉक्टर त्याला ‘अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी’ म्हणतात, थोडक्यात एकेआय. आपल्याकडे खेड्यापाड्यांत याची ओळख घोणस या सापानं करून दिली आहे. घोणस चावली, माणूस रक्तस्रावातून वाचला, आणि मग घरचे सांगत येतात की कालपासून लघवीच झालेली नाही.

लघवी थांबली की सगळ्यात आधी धोका हृदयाला. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, रक्तात, अगदी थोडं. ते थोडंच राहायला हवं, कारण हृदयाच्या पेशींची विजेची सगळी गणितं आतल्या-बाहेरच्या या फरकावर चालतात. मूत्रपिंड थांबलं की रक्तातलं पोटॅशियम चढतं. ईसीजीवरच्या लाटा आधी उंच, टोकदार होतात, मग पसरट, मग हृदय थांबतं. दुखत नाही, खुपत नाही. माणूस बोलता बोलता जातो. चिरडलेल्या पायाच्या रुग्णात तर ही आफत दुप्पट: फुटलेल्या स्नायूपेशी आपलं पोटॅशियम रक्तात ओततात आणि ते काढणारा जागेवर नाही.

दुसरा धोका पाण्याचा. बाहेर जायची वाट बंद झालेलं पाणी अंगावर सूज आणतं, फुप्फुसात उतरतं. तिसरा युरियासारख्या टाकाऊ द्रव्यांचा, ज्यांनी माणूस झोपाळतो, बरळतो, बेशुद्ध होतो. म्हणून लोकांनी असा सरळ हिशेब मांडला की हे तिन्ही यंत्रानं काढता आले तर माणूस वाचेल.

तो हिशेब विलेम कोल्फ नावाच्या एका डच डॉक्टरनं मनावर घेतला. नोकरीच्या सुरुवातीला त्यानं एका शेतकऱ्याच्या तरुण मुलाला मूत्रपिंडं निकामी होऊन मरताना पाहिलं होतं आणि रोज थोडा थोडा युरिया काढता आला तरी पोरगा जगेल, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. पुढे युद्ध आलं, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेलं. काम्पेन नावाच्या लहानशा गावातल्या हॉस्पिटलात कोल्फनं लाकडी पट्ट्यांचा आडवा पिंप बनवला, त्याभोवती सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळली आणि तो पिंप मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून फिरवत ठेवला. सेलोफेनची नळी म्हणजे कसली, तर सॉसेजचं मांस भरायला खाटीक वापरतात ती! नळीतून रुग्णाचं रक्त जायचं, पातळ पडद्यातून युरिया पाण्यात उतरायचा. १९४३ पासून त्यानं या यंत्रावर पंधरा-सोळा रुग्ण घेतले आणि यंत्रामुळे वाचला असं म्हणावं असा त्यांत एकही नव्हता. दुसरा कुणी असता तर पिंप अडगळीत टाकून मोकळा झाला असता. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत त्याच्याकडे आली. युद्धात नाझींची बाजू घेतली म्हणून ती तुरुंगात होती आणि गावात तिच्याबद्दल कुणाला माया नव्हती. कोल्फनं तिला यंत्रावर घेतलं. काही तासांनी तिनं डोळे उघडले आणि ती बोलू लागली. पुढे तिची स्वतःची मूत्रपिंडंही चालू झाली आणि ती आणखी काही वर्षं जगली. मला ही हकिकत यंत्रासाठी जेवढी आवडते तेवढीच त्या खाटेवर कोण होतं त्यासाठीही आवडते.

कोरियाच्या युद्धात, १९५२ साली, अमेरिकी सैन्यानं जखमी सैनिकांसाठी आघाडीच्या मागे अशा यंत्रानं रक्त धुण्याचं, म्हणजे डायलिसिसचं, खास केंद्र उघडलं. दुसऱ्या महायुद्धात जखमेनंतर लघवी बंद पडलेल्या दहा सैनिकांतले नऊ जात. आता मरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याजवळ आलं. केवढी मजल! सगळ्यांना वाटलं, यंत्रं सुधारतील तसं उरलेलं अर्धंही खाली येईल.

यंत्रं सुधारली. पिंप जाऊन कपाटाएवढी, मग टेबलाएवढी यंत्रं आली. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ११२४ अतिगंभीर रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्या रुग्णांना नेहमीचं डायलिसिस, निम्म्यांना त्याहून कितीतरी जोरदार. दोन महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत मृत्यूंचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या थोडं वरच. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १५०८ रुग्णांवरच्या तशाच चाचणीचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत बरोबर सारखे, ४४.७ टक्के. जास्त धुतल्यानं कुणाचंही काही भलं झालं नव्हतं.

आता म्हणाल, आजचे रुग्ण जास्त म्हातारे, जास्त आजारी, ही तुलना बरोबर नाही. खरं आहे. १९९९ मध्ये तुर्कस्तानात मार्माराच्या भूकंपात ६३९ जणांना ढिगाऱ्याखाली चिरडल्यामुळे एकेआय झाला, त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागलं आणि बहुतेक जण वाचले. धडधाकट माणसं होती, इजा एक होती, मदत वेळेवर पोचली. तरीही आयसीयूतलं ते ‘निम्मे’ बोचत राहतं. पोटॅशियम काढलं, पाणी काढलं, युरिया काढला. मग माणूस मरतो कशानं?

एक धागा फार दिवसांपासून डोळ्यांसमोर होता. मूत्रपिंड बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरट सावली दिसायची, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. डॉक्टर म्हणायचे, साठलेलं पाणी आहे, दुसरं काय. पण जेव्हा ते पाणी तपासलं गेलं तेव्हा त्यात प्रथिनं भरपूर सापडली. नुसता दाब वाढून पाणी झिरपलं तर त्यात प्रथिनं फारशी येत नाहीत. प्रथिनं आली म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीच सैल झाल्या असणार.

“मग रुग्ण तपासून लगेच कळलं असेल!” ओम घाईला येतो.

नाही ना कळत. आपल्या मुंबईचंच घे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. त्या रोगात मूत्रपिंडं बंद पडतात, यकृत बिघडतं, फुप्फुसात रक्तस्राव होतो. पण तिथं जंतूच सगळीकडे पोचलेला असतो. घोणसचं विषही रक्तातून सगळीकडे जातं. अशा माणसाचं फुप्फुस बिघडलं तर आळ कुणावर घ्यायचा, जंतूवर, विषावर की मूत्रपिंडावर? आजारी माणसात सगळे संशयित एकाच खोलीत सापडतात.

म्हणून प्रयोगशाळेत फक्त एकच संशयित ठेवला गेला. निरोगी उंदराला भूल देऊन त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या रक्तवाहिन्यांना अर्धा तास चिमटा लावायचा आणि काढून टाकायचा. ना जंतू, ना विष, ना चिरडलेला पाय. हृदय, फुप्फुस, मेंदू, सगळे शाबूत. आणि मग बघत बसायचं.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अशा प्रयोगात दिसलं की एका दिवसाच्या आत फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागल्या. हृदय बिघडून दाब वाढला होता असं नव्हे, भिंतीच बदलल्या होत्या. काही वर्षांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मंडळींनी फुप्फुसाच्या आणखी आत डोकावलं. हवेच्या फुग्यांमध्ये पाणी शिरलं तर ते उपसून परत रक्तात टाकायला तिथल्या पेशींमध्ये मिठाचे आणि पाण्याचे सूक्ष्म मार्ग असतात. मूत्रपिंडं जखमी झालेल्या उंदरांच्या फुप्फुसात हे मार्गच कमी झालेले दिसले. म्हणजे एकीकडून गळती वाढली आणि दुसरीकडे उपसा थंडावला.

यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी काही उंदरांचं एकच मूत्रपिंड चिमट्यात धरलं, दुसरं मोकळं ठेवलं. त्यांच्या फुप्फुसातले मार्ग घटले नाहीत. काही उंदरांची दोन्ही मूत्रपिंडं काढूनच टाकली, आणि त्यांचे मात्र घटले. लक्षात येतंय का, मुक्ते? जखमी मूत्रपिंडानं काहीतरी वाईट रक्तात सोडलं, एवढंच कारण असतं तर मूत्रपिंड नसलेल्या उंदराला काही व्हायला नको होतं. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यावर रोजचं काहीतरी रक्तातून निघायचं राहून गेलं आणि त्यानंही फुप्फुसाला त्रास झाला. एक चांगलं मूत्रपिंड जागेवर असलं तर ते सांभाळून घेतं.

हे ‘काहीतरी’ म्हणजे काय, त्याची काही नावं आता हाती आली आहेत. शरीरात कुठंही इजा झाली की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, रक्तातून वाहणाऱ्या छोट्या प्रथिनांच्या रूपात. त्यांतलं एक इंटरल्युकिन-६. मूत्रपिंडाला इजा झाली की ते वाढतं, आणि एरवी ते रक्तातून हटवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो तेही मूत्रपिंडच. निरोप जास्त आणि निरोप पुसणारा बंद. तो निरोप फुप्फुसात पोचला की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. जंतू तर नाहीच तिथं. त्या आपल्याच भिंतींवर हत्यार चालवतात. हे प्रथिन जन्मतःच बनवू न शकणाऱ्या उंदरांची मूत्रपिंडं बंद पाडली तेव्हा त्यांच्या फुप्फुसांना कमी इजा झाली. २०२२ मध्ये सेंट लुईसच्या संशोधकांनी आणखी एक निरोप्या पकडला, ऑस्टिओपाँटिन. हा तर जखमी मूत्रपिंडाच्या नळ्यांमधूनच निघतो आणि फुप्फुस गळकं करतो. तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच वेळी चालू असतात: मूत्रपिंड नको ते सोडतं आणि नको ते काढत नाही.

हृदयाचंही तसंच निघालं. पोटॅशियम बाजूला ठेवा. मूत्रपिंडाच्या इजेनंतर दोन दिवसांत उंदरांच्या हृदयाचा जोर कमी झालेला दिसला आणि त्याच्या काही पेशी स्वतःहून मरताना आढळल्या. मेंदूत रक्त आणि चेतापेशी यांच्यामध्ये जी कडक तटबंदी असते, तीही सैलावली. शिरेत सोडलेला निळा रंग मेंदूत उतरला, जो एरवी उतरत नाही. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही चेतापेशी आक्रसल्या आणि ते उंदीर पिंजऱ्यात हिंडेनासे झाले. आयसीयूतला रुग्ण युरिया फार चढलेला नसतानाही का बरळतो, याचं एक उत्तर इथं असावं. मी ‘असावं’ म्हणतो, कारण उंदरात दिसलं ते माणसात जसंच्या तसं होतं असं धरून चालणं हा वैद्यकातला जुना आणि महागडा उतावीळपणा आहे.

पण मला विचाराल तर सगळ्यात अजब भानगड आतड्यातली. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात बारीक खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी राहतात. योसेफ पॅनेथ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञावरून ते नाव पडलं. त्यांचं काम राखणदारीचं. आतड्यात अब्जावधी जंतू नांदतात, त्यांनी हद्द ओलांडू नये म्हणून या पेशी जंतुनाशक प्रथिनं सोडत राहतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिसलं की मूत्रपिंडाला इजा झाली की उंदराच्या या पेशी बिथरतात आणि इंटरल्युकिन-१७ए नावाचा निरोप भरमसाट सोडतात. आता आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जातं, खाल्लेल्या अन्नाची झडती तिथं व्हावी म्हणून. निसर्गाची केवढी शहाणी योजना! पण त्याच वाटेनं आतड्याचा हा संतापही पहिल्यांदा यकृतावर जाऊन आदळतो. यकृताच्या पेशी मरतात आणि तिथून निघालेले निरोप पुन्हा सगळ्या शरीरात. ज्या उंदरांमधल्या पॅनेथ पेशी कमी केल्या होत्या किंवा ज्यांना हे प्रथिन बनवताच येत नव्हतं, त्यांची यकृतं बऱ्यापैकी बचावली. मूत्रपिंडाचं दुखणं आतड्याच्या तळातल्या एका चिमुकल्या पेशीमार्फत यकृतापर्यंत जातं, हे शंभर वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

बाकीही बरंच बिघडतं, ते भराभर सांगतो. रक्तातल्या बिंबिका असतात तेवढ्याच, पण नीट चिकटत नाहीत, म्हणून रक्तस्राव आवरत नाही. पांढऱ्या पेशी नको तिथं धावतात आणि हव्या तिथं सुस्तावतात, म्हणून न्यूमोनियासारखे संसर्ग सहज होतात. काही वेदनाशामकं आणि प्रतिजैविकं मूत्रपिंडावाटे बाहेर जातात, ती अंगात साठतात. काल योग्य असलेला डोस आज जास्त होतो.

“आबा, मग तो इंटरल्युकिन थोपवणारं औषध द्यायचं ना!” ओमला प्रत्येक गोष्टीवर औषध हवं असतं.

तशी औषधं आहेत रे, संधिवातात वापरतात. पण जे निरोप फुप्फुसात आग लावतात, तेच निरोप दुसरीकडे जंतूंशी लढायला आणि जखम भरायला लागतात. आणि भरून येण्याची ताकद मूत्रपिंडात भरपूर असते, ती मारून चालणार नाही. हृदयाचा स्नायू एकदा मेला की तिथं वण उरतो. मूत्रपिंडाच्या नळ्यांचं तसं नाही. आतल्या पेशी मरून गळाल्या तरी वाचलेल्या पेशी चपट्या होऊन उघड्या जागेवर पसरतात, दुभंगत जातात आणि काही आठवड्यांत नवं अस्तर उभं करतात. कोल्फच्या त्या म्हातारीत हेच झालं. यंत्रानं फक्त तेवढा वेळ मिळवून दिला. बरं होताना पहिल्यांदा लघवी येते ती लोंढ्यानं. पेशी जागेवर आलेल्या असतात, पण परत घ्यायचं काम अजून नीट जमत नसतं. त्या दिवसांत जितकं जातंय तितकं पाणी-मीठ परत द्यावं लागतं. सगळ्यांचंच पूर्ण भरून येतं असंही नाही. काहींच्या मूत्रपिंडात वण राहतो आणि वर्षांनंतर ती हळूहळू थकत जातात. म्हणून घरी गेल्यावरही रक्तातलं क्रिएटिनिन नावाचं टाकाऊ द्रव्य आणि लघवीतली प्रथिनं अधूनमधून तपासायची.

मूत्रपिंड सावरेपर्यंत डॉक्टरांना जे करता येतं ते असं. क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागतात, पण लघवी त्याआधीच बोलते. म्हणून घोणस चावलेल्या माणसाची लघवी तासातासाला मोजून लिहितात, आणि भूकंपात तर माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच, वरची तुळई उचलण्याआधी, त्याच्या हातात सलाईन लावतात. मूत्रपिंड मंदावलं असं दिसलं की पाणी हात सैल सोडून देत नाहीत, कारण गळकं फुप्फुस ते धरून ठेवतं. व्हेंटिलेटर लागलाच तर श्वास लहान ठेवतात. मोठे श्वास फुप्फुस ताणतात, आणि ताणलेलं फुप्फुस आपले निरोप मूत्रपिंडाकडे धाडतं. ही वाट दोन्हीकडून चालू असते. औषधांचे डोस रोज नव्यानं मोजतात. आणि डायलिसिस चालू आहे म्हणून छातीचा फोटो बघायचा राहिला, असं होऊ देत नाहीत.